आप्पांचा भोंगा

नव्या कंप्युटरला आप्पांची हार्ड डिस्क दिसत नव्हती, कारण ती ज्या पोर्टला जोडली होती ते पोर्ट मीच बंद करून ठेवलं होतं. एकच नाही, चारही. आणि बंद करून ठेवलंय हे मी साफ विसरलो होतो.

झालं एवढंच होतं. पण त्या दिवशी माझ्या तोंडून वाक्य निघालं ते असं : "आप्पा, सांगायला वाईट वाटतं, पण तुमची डिस्क गेली."

आप्पा शेजारी खुर्चीत बसले होते. त्यांनी उजव्या कानातला कापूस काढला आणि म्हणाले, "परत बोल."

मी परत बोललो. त्यांनी कापूस पुन्हा कानात घातला आणि खिडकीबाहेर बघत बसले.

कानात कापूस घालायची त्यांची सवय जुनी. आम्ही दोघं कुपवाडच्या एका ओतकामाच्या कारखान्यात होतो. मी स्टोअरला, म्हणजे हातमोजे, खिळे, साबण आणि शिव्या यांची देवघेव करायला. आप्पा तपासणीला. भट्टीतलं लोखंड साच्यात ओतून पंपाची कास्टिंगं निघायची, ती गार झाली की आप्पांच्या पुढ्यात साखळीला टांगली जायची. आप्पा दोन्ही कानांतला कापूस काढायचे, एका बारक्या हातोडीनं कास्टिंगला टिचकी मारल्यासारखं मारायचे आणि डोळे मिटायचे. 'टण्ण' वाजलं तर पास. 'बद' वाजलं तर आत कुठंतरी चीर. मग कापूस परत कानात, पुढचं कास्टिंग येईपर्यंत. दिवसभर हेच.

"आप्पा, सारखा काय तो कापूस?" असं मी कामाला लागलो त्याच आठवड्यात विचारलं होतं.

"कान म्हंजे माझं औजार हाय," ते म्हणाले. "तू तुझा वजनकाटा पावसात ठेवतोस व्हय?"

त्या कारखान्यातली निम्मी माणसं निवृत्त होईपर्यंत ठार बहिरी झाली. बायका घरी त्यांच्याशी ओरडून बोलायच्या आणि शेजाऱ्यांना वाटायचं रोज भांडणं चाललीत. आप्पांचे कान मात्र म्हातारपणीही नव्यासारखे राहिले. त्याचा त्रास आम्हाला झाला.

कारण ठोकून बघायची खोड त्यांच्यासोबत घरी आली होती. टपरीवर चहा आला की ते आधी कपावर चमचा मारायचे. बद वाजला तर कप परत. टपरीवाल्यानं शेवटी कंटाळून त्यांच्यासाठी स्टीलचा पेला ठेवला, तर त्यालाही ठोकलं. माठ घ्यायला गेले की कुंभारीण इतर गिऱ्हाइकांना सांगायची, "थांबा जरा, ह्यांची मैफल होऊ द्या." एकदा सिग्नलला मी पुढं आणि ते माझ्या मागं गाडीवर बसलेले असताना त्यांनी माझ्या हेल्मेटवर बोटाच्या पेरानं ठोकलं.

"बद वाजतंय," ते म्हणाले.

"हेल्मेट का डोकं?"

"तू ते काढल्याबिगर कसं सांगू?"

ते दरवेळी बरोबर असायचे असं मुळीच नाही. आष्ट्याच्या बाजारात त्यांनी एकदा कलिंगडांचा अख्खा ढीग ठोकून त्यातून एक निवडलं. विकणारा तोवर घामाघूम. घरी येऊन कापलं तर आत पांढरंफटक. आप्पांनी ती फोड हातात धरून बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "खोटं बोललं बेणं." म्हणजे चूक कलिंगडाची. आप्पांचा कान चुकला असं त्यांनी कधी कबूल केल्याचं मला आठवत नाही. या एका बाबतीत आमचं दोघांचं चांगलं जमायचं.

पण आप्पांची खरी दौलत वेगळीच होती. ते आवाज गोळा करायचे. आधी एक कॅसेटचा टेपरेकॉर्डर होता, पुढं लेकीनं मुठीत मावेल असा डिजिटल रेकॉर्डर घेऊन दिला. तो जेवणाच्या पिशवीत ठेवून ते कुठंही जाऊन बसायचे. लेक साताऱ्याला दिलेली, त्यामुळं साताऱ्याचा एसटी स्टँड हे त्यांचं आवडतं ठिकाण. तिथं त्यांना एकदा गार्डनं हटकलं.

"काय करताय हो आजोबा मघापासनं?"

"ऐकतोय."

"कुणाचं?"

"गाड्यांचं. ती मेढ्याची गाडी हाय न्हवं, तिचा गियर पडताना रडती. डायवरला सांगा."

गार्डनं पिशवी उघडून बघितली. आत रेकॉर्डर आणि दोन भाकऱ्या. त्यानं विचार करून दोन्ही परत दिलं.

आमच्या नाटकमंडळीत आप्पा आले तेही असेच भांडत. सांगलीत हौशी नाटक करणाऱ्यांची वाण नाही, त्यात आमचाही एक ग्रुप. माझी बायको दिग्दर्शिका. ती बँकेत असते आणि दिवसभर साचलेला राग संध्याकाळी तालमीत नटांवर काढते. एका वर्षी आमचं नाटक जतकडच्या एका दुष्काळी गावात घडत होतं आणि शेवटी पाऊस येत होता. इंटरनेटवरून धो धो पाऊस उतरवून घेतला होता. मी आप्पांना तालीम बघायला बोलावलं. पाऊस सुरू झाला आणि आप्पा उभे राहिले.

"ह्यो पाऊस कुठला?"

"म्हणजे? पाऊस म्हणजे पाऊस," बायको म्हणाली.

"न्हाई वैनी. ह्यो महाबळेश्वरचा हाय. पानावर पडाय लागलाय. जतंला झाडं कुठायत एवढी? असला पाऊस तिथं पडला तर माणसं भिऊन देवळात जाऊन बसतील."

दुसऱ्या दिवशी ते त्यांचा स्वतःचा पाऊस घेऊन आले. खुद्द जतला पकडलेला. पत्र्यावर चार टपोरे थेंब वाजले, मग थोडी सरसर झाली, मग काहीच नाही. लांब एक शेळी ओरडली.

"एवढाच?" बायकोनं विचारलं.

"तेवढाच पडला."

प्रयोगात त्या पावसानंतरच्या शांततेत प्रेक्षकांतली एक बाई रडली. तेव्हापासून आमच्या नाटकांचा आवाज म्हणजे आप्पा.

हे सगळे आवाज एका हार्ड डिस्कवर होते. रेकॉर्डर भरला की डिस्कवर उतरवायचा आणि रिकामा करायचा. दुसरी प्रत नाही. मी कितीदा सांगितलं, आप्पा, कॉपी काढून ठेवू. ते म्हणायचे, "कॉपी हाय म्हटलं की मानूस खरं जपत न्हाई." त्या डिस्कवर आमचा कारखानाही होता. मालकांचं वय झालं, मुलं परदेशात, त्यांनी रीतसर सगळ्यांचा हिशोब करून कारखाना बंद केला. आता तिथं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे. भट्टी गेली, यंत्रं गेली, आणि सकाळच्या पाळीचा तो भोंगाही भंगारात गेला. पण आप्पांनी शेवटच्या महिन्यात पिशवी घेऊन कारखानाभर फिरून सगळं टिपलं होतं. भोंगा, भट्टीचा घरघराट, वितळलेल्या लोखंडाचं भांडं नेताना माणसं 'सरकाऽऽ' ओरडायची ते, डबा खातानाच्या गप्पा. त्या माणसांतली काही आता नाहीत. आप्पांच्या भाषेत सांगायचं तर कारखाना मोडला नव्हता, डब्यात ठेवला होता.

आणि या वर्षीचं आमचं नाटक त्याच कारखान्यावर होतं. स्पर्धेचा प्रयोग साताऱ्याला, दिवाळी संपता संपता. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला रंगमंचावर मिट्ट काळोख आणि फक्त आवाजातून उभी राहणारी एक अख्खी पाळी, असं बायकोनं बसवलं होतं. मग उजेड येतो आणि खुर्चीत बसलेला एक बहिरा म्हातारा कामगार दिसतो, ज्याला यातलं काहीच ऐकू येत नाही. तो म्हातारा मी. बायको सांगते की मला भूमिका दिली कारण त्या म्हाताऱ्याला वाक्यंच दोन आहेत.

आता माझ्या कर्तबगारीकडे वळतो.

मंडळाचा जुना कंप्युटर उन्हाळ्यात बसला. डिस्क तेवढी शाबूत राहिली, ती आप्पांनी काढून घरी नेली. नवा तयार घेऊ असं सगळे म्हणत असताना मी म्हणालो, "तयार कशाला? मी सुटे भाग आणून जोडतो." असे व्हिडिओ बघून बघून मला त्या विषयात अधिकार वाटायला लागला होता. महिनाभर आमच्या जेवणाच्या टेबलावर मदरबोर्ड होता आणि आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवत होतो. मशीन झालं मात्र देखणं. त्याची स्वतःची नवी डिस्क काडेपेटीएवढी, चपटी, थेट मदरबोर्डवर बसणारी. त्यामुळं जुन्या पद्धतीच्या डिस्कची वायर खोचायची जी चार पोर्टं असतात, ती रिकामीच राहिली.

दसऱ्याला मंडळीतल्या सगळ्यांना बोलावून मशीनची पूजा केली. हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ. आप्पा रेकॉर्डर घेऊन आले होते. नवं यंत्र पहिल्यांदा चालू होताना कसं वाजतं ते त्यांना हवं असायचं. बटण दाबलं, मशीन डोळ्याचं पातं लवायच्या आत सुरू झालं, आणि मी भाषण केलं. काय बोललो ते तेव्हा कुणी ऐकलं नाही. सगळे पेढे खात होते. मीही पेढा खाल्ला आणि विसरून गेलो.

त्याच दिवशी आप्पांनी डिस्क दिली असती तर पुढचं रामायण घडलं नसतं. पण त्यांनी मशीनला कान लावला आणि मान हलवली. "ह्याचा पंखा कुरकुरतोय. आधी ह्याला गप बसव. मग माझी डिस्क ह्याच्या शेजारी बसंल."

मी पंखा बदलला. तर म्हणे पत्रा थरथरतोय. मी स्क्रूखाली रबर घातलं. तर म्हणे टेबल वाजतंय. टेबलाखाली पुठ्ठा घातला. एकदा तर आमच्या वरच्या मजल्यावरच्या मिक्सरचा दोषही माझ्या मशीनच्या नावावर जमा झाला. दिवाळी तोंडावर आली तेव्हा कुठं आप्पा म्हणाले, "आता बरा हाय." मग ते डिस्क घेऊन आले. स्टीलच्या डब्यात, जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यात गुंडाळलेली. माझ्या गाडीवर मागं बसून सबंध वाट त्यांनी तो डबा पोटाशी धरला होता आणि प्रत्येक गतिरोधकाला मला शिवी दिली होती.

मी डिस्क जोडली. दिसेना.

दुसऱ्या पोर्टला जोडली. दिसेना. तिसऱ्या, चौथ्या. चारी ठिकाणी तेच, म्हणजे दोष डिस्कचाच, हा माझा निष्कर्ष. कंप्युटर सुरू होताना एक बटण दाबलं की त्याच्या पोटातल्या सेटिंगची पानं उघडतात. मी तिथं शिरलो. डिस्कच्या यादीचं पान उघडलं, तिथं आप्पांच्या डिस्कचा पत्ता नाही. मग मी जे जे बदलता येतं ते बदललं. जुनी पद्धत, नवी पद्धत, घड्याळाची वेळ, पंख्याचा वेग. एका पानावर भाषा बदलली आणि ती परत आणायला तासभर गेला. ज्या पानावर पोर्टं चालू-बंद करायची सोय होती, तिथं मी गेलो नाही. तिथलं काम आधीच उरकलंय एवढं लक्षात होतं, काय केलं ते नव्हतं!

आणि मग मी ते वाक्य बोललो. तुमची डिस्क गेली.

बराच वेळ खिडकीबाहेर बघून झाल्यावर आप्पा उठले. "लांब स्क्रूड्रायव्हर दे. आणि फ्रिज बंद कर."

फ्रिज बंद केला. पंखा बंद केला. बायकोला टीव्ही बंद करायला लावला. वरच्या मजल्यावर जाऊन मी तिथल्या वैनींना चकलीचा सोऱ्या दोन मिनिटं थांबवा म्हणून सांगून आलो. त्यांनी मला नखशिखान्त बघितलं. आप्पांनी दोन्ही कानांतला कापूस काढला, स्क्रूड्रायव्हरचं टोक डिस्कच्या अंगाला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डोळे मिटले. घरात एवढी शांतता मी आमच्या लग्नानंतर पहिल्यांदा अनुभवत होतो.

"फिरतीय," ते म्हणाले. "गुळगुळीत फिरतीय. हिला काय बी झालेलं न्हाई."

"आप्पा, फिरते म्हणजे वाचता येते असं नसतं," मी म्हणालो आणि त्यांना डिस्कची अंतर्गत रचना समजावून दिली. हातवारे करून. मला ती नीट माहीत नव्हती, पण हातवारे चांगले झाले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "जित्याला मेलं म्हनू नगं रं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या कंप्युटरला लावून बघायचा साधा उपाय तुम्हाला सुचला असेल. बायकोलाही सुचला होता. पण दुरुस्तीची दुकानं दिवाळीला बंद. ज्या मित्राकडे लॅपटॉपला असली डिस्क जोडायची वायर होती तो बायकामुलांना घेऊन महाबळेश्वरला गेलेला. आणि आप्पा म्हणाले, आता ही डिस्क या घरातून कुठं हलायची नाही. एकदा हलवली तर हे झालं.

मग रोज दुपारी ते आमच्याकडे यायचे. मशीनचं झाकण काढलेलं असायचं. मी बटण दाबून द्यायचो आणि ते शेजारी खुर्ची घेऊन बसायचे, ती डिस्क फिरताना ऐकत. बायको फराळाची ताटली ठेवायची. आप्पा चकली आधी मोडून आवाज ऐकायचे, मग खायचे.

"आप्पा, काय ऐकताय?" तिनं एकदा विचारलं.

"आत हायत न्हवं समदी," ते म्हणाले. "भाईर येत न्हाईत, एवढंच."

ती आत आली आणि माझ्यावर भडकली. मी काय केलं होतं ते तिला तेव्हा माहीतही नव्हतं.

प्रयोग जवळ आला. तिनं दुसरा भोंगा शोधला, तोही उतरवून घेतलेला. तालमीत लावला. आप्पा ऐकून म्हणाले, "ह्यो बोटीचा हाय. समुद्रातल्या." मग हळूच म्हणाले, "लावा वैनी. लोकांस्नी काय कळतंय." आप्पांच्या तोंडून हे वाक्य ऐकून हॉलमधली सगळी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. ते भांडले असते तर आम्हाला बरं वाटलं असतं. बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, "मी स्पर्धेतून नाव मागं घेते. बोटीच्या भोंग्यावर कुपवाडचं नाटक मला करायचं नाही. आणि आप्पांना तसं बसलेलं मला बघवत नाही."

दुसऱ्या दिवशी, जिथं तालमी व्हायच्या त्या शाळेच्या हॉलमध्ये सगळे जमले ते नाटक ठेवायचं की सोडायचं हे ठरवायला. आप्पा थोडे उशिरा आले. पिशवीतून रेकॉर्डर काढला.

"ह्यात उन्हाळ्यापासनंचं हाय थोडं," ते म्हणाले. "डिस्कवर उतरवायचं ऱ्हायलं. कामाचं काय घावतंय का बघू."

रेकॉर्डर मोठ्या स्पीकरला जोडला, ताजं आधी आणि जुनं मागून. आम्ही पंधराएक जण सतरंजीवर बसून ऐकत होतो. एक कुत्रं. कुकरच्या शिट्ट्या. फटाके आणि त्यावर रडणारं पोर. चक्कीवर पीठ खाली पडताना होतो तो मऊ आवाज. हे घेऊन कारखाना कसा उभा करायचा? बायको डोक्याला हात लावून बसली. मग नारळ फुटल्याचा आवाज आला, टाळ्या आल्या, आणि "आप्पा, पेढा घ्या की," असा तिचाच आवाज.

"ही पूजा," आप्पा म्हणाले. "नव्या मशीनची. ह्यात काय न्हाई, ह्योच बोलतोय." त्यांनी पुढं ढकलायला बोट नेलं.

तेवढ्यात स्पीकरमधून माझा आवाज आला. मोठा, तृप्त, तोंडात पेढा असलेला.

"आता यातली गंमत बघा! ही चार पोर्टं रिकामी आहेत. मशीन सुरू होताना उगाच त्यांच्यात डोकावून बघत बसतं, वेळ जातो. म्हणून मी चारही बंदच करून टाकली! आता तिथं कुणी काही आणून लावलं तरी या पठ्ठ्याला पत्ता लागायचा नाही!"

आणि पाठोपाठ माझंच हसणं. खूप वेळ चाललेलं.

आप्पांचं बोट तसंच हवेत होतं.

"आप्पा," बायको शांतपणे म्हणाली, "परत लावा."

आप्पांनी परत लावलं. मग कुणी न सांगता आणखी एकदा लावलं. मी म्हणालो, "म्हणजे त्याचं असं असतं, तांत्रिकदृष्ट्या..." आप्पांनी खिशातून कापूस काढला, सावकाश वळला आणि दोन्ही कानांत घातला.

सगळी वरात गाड्यांवरून आमच्या घरी आली. मी खाली मान घालून ते पान उघडलं. चार ओळी, चारींच्या पुढं 'बंद'. चारी चालू केल्या. मशीन पुन्हा सुरू झालं, या वेळी किंचित सावकाश. आप्पांची डिस्क पडद्यावर आली. त्यांनी एक-एक फोल्डर न्याहाळलं. सगळं जागच्या जागी होतं. मग त्यांनी कापूस काढला आणि भोंगा लावला.

आमच्या त्या दोन खोल्यांच्या घरात सकाळची पाळी सुरू झाली. वरच्या वैनी जिन्यातून खाली आल्या, कुठं आग लागली म्हणून विचारायला, आणि दारातच थांबल्या. भट्टी घरघरत होती. कुणीतरी 'सरकाऽऽ' म्हणून ओरडलं. लांबून कुणाचा तरी आवाज आला, "ए स्टोअरवाल्या, हातमोजं दे की रं, का घरला न्हेलंस?" आणि माणसं हसली. तो ओरडणारा आमचा भट्टीवाला. जाऊन चार वर्षं झाली त्याला. मी त्या दिवशी हातमोजे दिले होते का, ते मला आठवेना.

मध्येच मी म्हणालो, "आप्पा, चुकलं माझं."

"गप," ते डोळे न उघडता म्हणाले. "पाळी सुटू दे."

पाळी सुटल्यावर ते म्हणाले, "आता कॉपी काढ. दोन काढ." आणि उठताना म्हणाले, "त्यातली एक बी तुझ्याकडं नगं."

साताऱ्याच्या प्रयोगाला मशीन जीपमधून नेलं. आप्पा मागच्या सीटवर ते धरून बसले होते, मी पुढं, आणि बोलायची हिंमत कुणाची नव्हती. तालमींत माझ्या बहिऱ्या म्हाताऱ्यावरून बायकोनं हात टेकले होते. मी सारखा कानाला हात लावून 'आँ? आँ?' करायचो. ती म्हणायची, अहो, तो तीस वर्षं बहिरा आहे, त्याला आता ऐकायची आशासुद्धा नाही. पण आशा कशी दाखवायची नाही ते मला जमत नव्हतं.

त्या दिवशी दुसरा अंक सुरू झाला. काळोखात मी खुर्चीत बसलो आणि माझं सगळं लक्ष विंगेत. मशीन सुरू होईल ना? डिस्क दिसेल ना? मी आणखी काही बंद केलेलं नाही ना? भोंगा वाजला. काळोखातून कारखाना आला आणि अख्खं थिएटर त्यात बुडालं. मी ऐकत होतो ते एवढंच, की तो मध्येच तुटतो का. उजेड कधी आला मला कळलं नाही. माझा मुलगा झालेला नट वाक्य बोलला. मला पत्ता नाही. तो पुन्हा बोलला. मग जवळ आला, पुन्हा बोलला आणि शेवटी त्यानं घाबरून माझ्या खांद्याला हात लावला. मी दचकून त्याच्याकडे बघितलं. तो कोण आहे हेच मला क्षणभर समजेना.

आता आप्पा साताऱ्यालाच लेकीकडे असतात. फोन केला तर हॅलो म्हणत नाहीत. आधी थोडा वेळ नुसतं ऐकतात, मग विचारतात, "पंखा बदललास व्हय?" दरवेळी बदललेला असतोच असं नाही. पण मी हो म्हणतो.

त्या दिवशी प्रयोग संपल्यावर मात्र रंगपटात साताऱ्याचे एक वयस्क गृहस्थ मला शोधत आले. धुवट कपडे, हातात काठी, नाटकं बघण्यात आयुष्य गेलेलं. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "बहिऱ्याची कामं मी पुष्कळ पाहिली. पण असं नाही पाहिलं. मुलगा तीनदा हाक मारतो आणि तुमच्या डोळ्याची पापणी हलत नाही! कशी केलीत हो तयारी?"

मी अंगावरची शाल सारखी केली. घसा खाकरला. निरीक्षण, चिंतन, कारखान्यातल्या माणसांचा सहवास, असं काहीतरी तोंडाशी आलं होतं.

आप्पा कोपऱ्यात स्पीकरची वायर गुंडाळत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "आवं, तयारी कसली? स्टोअरला लागला तवापासनं त्यो असाच हाय."